शेपटाकडची पाळी

“बाबा, खुर्चीवर बसा. खाली नका बसू,” बागूल सर म्हणाले.

मी खुर्चीवर बसलो, पण पाठ टेकली नाही. धुळ्याच्या कॉलेजातली ती खोली थंडगार होती. रविवार असूनही आठ-दहा मुलंमुली संगणकात तोंड खुपसून बसली होती. माझी पुतणी हर्षदा, माझ्या धाकट्या भावाची, भटूची मुलगी, त्याच कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. दिवाळीला घरी आली होती, ती जाताना मला सोबत घेऊनच गेली.

“सर, हे माझे आबा. निंबदऱ्याच्या पाटाचे पाटकरी, पाणी हेच सोडतात. रीत समजावून सांगणारं माणूस आण म्हणाला होतात ना तुम्ही?”

“सांगा बाबा. सावकाश सांगा.”

मी सांगितलं. आमच्या नदीवर जुना दगडी बंधारा आहे. त्यातून पाट निघतो. पाटाच्या तोंडाशी दौलत नानांची आणि त्यांच्या भाऊबंदांची शेतं, मध्ये माळ्यांची, आणि पार शेवटी, शेपटाला, आमची. शेपटाकडे खाली नुसता खडक. विहिरी लागत नाहीत. बंधाऱ्याच्या भिंतीवर एक रेघ कोरलेली आहे, कोणी कोरली ते कोणाला माहीत नाही. होळीला पाणी रेघेच्या वर असलं तर पाण्याची पाळी तोंडाकडून सुरू करायची. रेघ उघडी पडली तर ते तुटीचं साल. तुटीच्या साली पाळी शेपटाकडून. शेपूट भिजल्याशिवाय तोंडाने आपलं दार उघडायचं नाही.

“का पण?” एका मुलाने मान वळवून विचारलं.

“तोंडवाल्यांनी आधी घेतलं तर शेपटाला काही उरतच नाही. शेपटाने आधी घेतलं तर पाणी तोंडवाल्यांच्या डोळ्यांसमोरून जातं. ते गळू देत नाहीत, पाट साफ ठेवतात. त्यांची पाळी मागून यायची असते ना.”

बागूल सर हसले. “भारी आहे,” म्हणाले.

आमच्या पाणी वापर संस्थेत तेव्हा नुकताच ‘जलपाळी’ नावाचा प्रोग्रॅम आला होता. तो विकत घ्यायचा नव्हता. कोणीही घ्यावा, उघडून बघावा, काही मोडलं असलं तर नीट करावं, अशा पद्धतीचा. कुठकुठल्या शहरांतली माणसं आपापल्या नोकऱ्या सांभाळून पगाराशिवाय त्यावर काम करायची. बागूल सरांची ही रविवारची मुलंही त्यातलीच. प्रोग्रॅममध्ये शेतं आणि क्षेत्र भरलं की तो पाळीपत्रक काढायचा आणि ज्याच्या त्याच्या फोनवर मेसेज पाठवायचा. फक्त एक होतं, त्याला पाळी तोंडाकडूनच माहीत होती.

मला स्वतःला अक्षर आलं ते चाळिशी उलटल्यावर, मारुतीच्या ओट्यावर भरणाऱ्या प्रौढांच्या वर्गात. त्याआधी सगळ्या शेतांच्या पाळ्या मला तोंडपाठ होत्या. लिहायला लागलो तशा पाठ राहिल्या नाहीत.

“सर, मला हे कोअरमध्ये घालायचंय,” हर्षदा म्हणाली.

खोलीतली दोन-तीन डोकी वर झाली.

“हर्षदा, कितीदा सांगितलं. नव्या माणसाने कोअरला हात लावायचा नाही. प्लगिन कर.”

मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे वळून म्हणाली, “आबा, प्रोग्रॅमचा एक गाभा असतो. कोणाला किती तास, कोणामागून कोण, हे गाभ्यात. तो सगळ्या गावांचा एकच. आणि त्याला बाहेरून जोडण्या लावता येतात, प्लगिन म्हणजे त्याच. कोणाला जत्रेच्या दिवशी पाळी नको, कोणाला मेसेज अहिराणीत पाहिजे. त्या ज्याच्या त्याच्या.”

“मग आपली रीत कशात बसते?”

“तोच तर वाद आहे.”

कोपऱ्यातला एक चष्मेवाला मुलगा म्हणाला, “ताई, गाभ्यात पाठवलेला माझा एक बदल अजून तिथंच पडलाय. पाठवला तेव्हा मला मिशी नव्हती.”

“आताही कुठे आहे?” शेजारची मुलगी म्हणाली. सगळे हसले. हर्षदा हसली नाही.

“सर, जोडणी गाभ्याच्या खुंटीला टांगलेली असते. त्यांनी खुंटी काढली की आपली जोडणी खाली. जत्रेची सुट्टी पडली तर पडू दे. पण पाणी आधी कोणाला, हे तर गाभ्याचंच काम आहे.”

“बरोबर आहे तुझं. पण गाभा सांभाळायला माणसं किती? चार. उद्या प्रत्येक गाव म्हणेल, आमची रीत आत घ्या. त्यांनी काय काय तपासायचं? आणि तू आत चुकलीस तर सगळ्या गावांचं पाणी चुकेल. जोडणीत चुकलीस तर तुझ्यापुरतं.”

“चारच माणसं उरलीत, कारण नव्यांना आत कोणी येऊच देत नाही.”

सर रागावले असतील असं मला वाटलं, पण ते नरमपणे म्हणाले, “मीही सुरुवातीला गाभ्यातच शिरलो होतो. पाठवायचो आणि वाट बघायचो. उत्तर नाही. माझ्याबरोबरचे सगळे कंटाळून सोडून गेले. जोडणी केली की आपल्या हातचं काम आपल्या गावात चालताना दिसतं. माणूस त्याने टिकतो. मला तू टिकायला पाहिजेस, हर्षदा.”

“सर बरोबर बोलतात हर्षू,” मी म्हणालो. “आधी आपलं पाणी तर लागू दे.”

तिने दोन्ही केलं. महिनाभरात जोडणी तयार झाली. रेघ उघडी पडली का, एवढं एकच ती विचारायची, आणि हो म्हटलं की पाळी उलटी करून द्यायची. तीच गोष्ट तिने गाभ्यासाठीही वेगळी लिहून वरच्या चौघांकडे पाठवून दिली.

आता गावातलं सांगतो. आदल्या उन्हाळ्यात पाळीपत्रकावरून डोकी फुटली होती. तेव्हा पत्रक हाताने लिहीत. सकाळी एक लिहिलेलं असायचं, संध्याकाळी दुसरंच निघायचं. तोंडाकडच्यांनी चहा पाजून फिरवलं, असा शेपटाकडच्यांचा आरोप. त्यामुळे जोडणी लावायच्या आधी संस्थेची सभा बोलावली, तेव्हा सगळ्यांच्या आधी भटू उभा राहिला. माझा भाऊ एरवी सभेत बोलायचा नाही. मागे भिंतीला टेकून बसायचा.

“मला एक ठराव पाहिजे,” तो म्हणाला. “संगणकातून निघेल तेच पत्रक. आणि एकदा पत्रक निघालं, मेसेज गेले, की ते कोणासाठीही फिरवायचं नाही. देव आला तरी.”

दौलत नाना संस्थेचे चेअरमन. पांढरं धोतर, आवाज कधी चढलेला नाही. ते म्हणाले, “भटूभाऊ, यंत्र चुकलं तर?”

“यंत्राला भाऊबंद नाहीत, नाना. चहा पीत नाही ते.”

सभा हसली. नानाही हसले. “माझ्या चहावर फार राग दिसतो तुझा. घाल रे गुलाबराव, भटूचा ठराव घाल.”

सचिव गुलाबरावांनी ठराव लिहिला. शेपटाकडच्या सगळ्यांनी हात वर केले, मग माळ्यांनी, मग नानांनी.

त्या साली होळीला रेघ उघडी पडली. जेमतेम, बोटभर. हर्षदाच्या जोडणीने पत्रक उलटं करून दिलं. पहिला मेसेज भटूच्या फोनवर आला. मी तोंडाशी लोखंडी दार उचललं आणि पाण्याबरोबर पाटाच्या काठाने शेपटापर्यंत चालत गेलो. दर वळणावर तोंडाकडची माणसं फावडी घेऊन उभी होती, गळती बुजवत. नाना स्वतः उभे होते.

“तुझ्या पोरीने आम्हाला उपाशी ठेवून तुला जेवायला वाढलं, भटू,” नाना म्हणाले.

“तुमचं पान मांडलेलंच आहे, नाना.”

आणि नानांची पाळी आलीही, ठरल्या वेळी. कोणी भांडलं नाही. भटूचा कांदा असा झाला की बघायला लोक यायचे. हर्षदाचं नाव घरोघरी झालं. बागूल सरांनी तिच्या जोडणीचा दाखला दुसऱ्या मुलांना द्यायला सुरुवात केली. बघा, जोडणीतून काय होतं.

गाभ्यातून उत्तर आलं ते पावसाळ्यात. इंग्रजीत होतं. हर्षदाने मला मराठीत वाचून दाखवलं. काम नेटकं आहे, पण ही गरज ठरावीक गावांची दिसते. जोडणी उत्तम चालते आहे, तेव्हा जोडणी म्हणूनच राहू द्यावी.

“राग आला का?” मी विचारलं.

“नाही. वाचलं तरी, आबा. बाकीच्यांचं वाचतही नाहीत.” मग जरा थांबून म्हणाली, “मी परत पाठवणार आहे. नीट समजावून.”

तिने पाठवलंही. तोवर तिला नाशिकला नोकरी लागली होती. रविवारी तिथूनच बसायची.

पुढच्या साली नदीला एकही मोठा पूर आला नाही. दिवाळीतच आम्ही ओळखलं. होळीच्या आधीच रेघ उघडी पडली आणि रेघेखाली माणूस उभा राहील इतकी भिंत कोरडी दिसायला लागली. हिशोब सरळ होता. पाणी एकदाच सोडता येणार. एकच पाळी. शेपटाकडे कांदा गाठी धरत होता आणि त्याला तेवढी एक पाळी मिळाली असती तर तो हाती लागला असता. तोंडाकडे ऊस होता, पण त्यांना विहिरी होत्या. आटलेल्या, तरी होत्या. मिळून निभावण्यासारखं साल होतं ते. आधी असली सालं निभावलेली होती.

पाणी सोडायच्या दिवशी सकाळी मी दारापाशी हँडलला तेल घालत होतो. नानांचा सालदार वेडू सायकलवरून आला.

“आबा, उघडा दार. आमची पाळी आली.”

“तुमची कशी येईल? पहिली भटूची.”

त्याने फोन पुढे केला. मी वाचलं. माझं वाचन संथ आहे, पण चुकत नाही. दौलत नानांचं नाव, गट नंबर, पाळी पहिली. मी माझा फोन काढला. पाटकऱ्याला सगळं पत्रक यायचं. तोंडापासून शेपटापर्यंत नावं सरळ लागली होती. भटू सगळ्यात शेवटी.

“वेडू, काहीतरी चुकलंय. बस जरा.”

“मी बसतो हो आबा. ऊस बसत नाही.”

मी संस्थेत गेलो. गुलाबराव चहा पीत होते. त्यांना काही कळेना. रेघ उघडी आहे हे त्यांनी भरायला घेतलं होतं, पण तो प्रश्न या वेळी प्रोग्रॅमने विचारलाच नाही.

“तुम्ही काही हलवलं का त्यात?”

“काही नाही हो. रोज अपडेट कर, अपडेट कर, म्हणून मागे लागला होता. पंधरवड्यापूर्वी केलं एकदाचं.”

मी हर्षदाला फोन लावला. ती ऑफिसात होती. मी सांगितलं. मग तिकडून नुसता बटणं दाबल्याचा आवाज येत राहिला.

“आबा, नव्या आवृत्तीत त्यांनी खुंट्या बदलल्यात. जोडणी बंद पडलीय. नुसती बंद, सांगितलंही नाही तिने. दार उघडू नका. मी निघते.”

मी दारावर जाऊन बसलो. थोड्या वेळाने नाना आले, गुलाबराव आले, मग शेपटाकडून भटू आणि बाकीचे आले. नानांनी ऐकून घेतलं.

“पोरगी येतेय ना? येऊ दे. तोवर कोणी दाराला हात लावू नका,” ते म्हणाले. ते तसे सरळ माणूस होते.

हर्षदा दुपारी आली, एसटीतून उतरून तशीच. बंधाऱ्यावरच्या लिंबाखाली सगळे जमले होते. तिने लॅपटॉप मांडीवर घेतला. येता येता बसमध्येच तिने जुनी आवृत्ती चालवून नवं पत्रक काढलं होतं, शेपटाकडून.

“हे खरं पत्रक,” ती म्हणाली. “सकाळचं चुकीचं होतं. माझी जोडणी बंद पडली होती.”

नानांनी पत्रकाकडे पाहिलं नाही. तिच्याकडे पाहिलं.

“हर्षदा, सकाळचं पत्रक कशातून निघालं?”

“प्रोग्रॅममधून.”

“कोणी हाताने फिरवलं का त्यात काही?”

“नाही, नाना.”

“मेसेज गेले?”

“गेले.”

“मग ठराव काय आहे?”

भटू पायाच्या अंगठ्याने माती उकरत होता.

मी म्हणालो, “नाना, ठराव भांडणं मिटवायला होता. रीत मोडायला नव्हता. तुमच्या वडलांनी पाळली ती रीत, माझ्या बापाने दार उचललं त्यांच्यासमोर.”

“झुलालभाऊ, तुम्ही भटूचे भाऊ. तुमचं मी कसं धरू?” नाना शांतपणे म्हणाले. मग परत तिच्याकडे वळले. “पोरी, मला संगणकातलं कळत नाही. तू शिकलेली. खरं सांग. शेपटाकडून पाळी, हा नियम मूळ प्रोग्रॅममध्ये आहे का?”

तिला खोटं बोलता आलं असतं. तिथे कोणालाच तपासता येणार नव्हतं.

“नाही,” ती म्हणाली. “वरून जोडलेला आहे.”

“जोडला कोणी?”

“मी.”

“तुझं शेत कुठे?”

नानांनी वाट पाहिली.

“शेपटाला,” ती म्हणाली.

“आणि ज्यांनी प्रोग्रॅम बनवला, त्यांना तू विचारलं होतंस ना, की हा नियम आत घ्या?”

“दोनदा.”

“काय म्हणाले?”

हर्षदाने लॅपटॉप मिटला. “पहिल्या वेळी म्हणाले, जोडणी म्हणूनच राहू दे. दुसऱ्याला उत्तर नाही अजून.”

माळ्यांपैकी कोणीतरी खाकरलं. मला वाटलं आता ते बोलतील. पाटाच्या मधली माणसं, त्यांचा ना इकडे फायदा ना तिकडे. त्यांच्यातल्या म्हाताऱ्यांना रीत माझ्याइतकीच माहीत होती. पण तोंडाकडून पाळी आली तर मधल्यांपर्यंत पाणी नक्की पोचणार होतं. शेपटाकडून आलं तर तेवढी खात्री नव्हती. ते बंधाऱ्यातल्या पाण्याकडे बघत राहिले.

“मी काही वाईट बोलत नाही,” नाना म्हणाले. “पण शिकलेली माणसं बसलीत तिथे. देशभराचं पाणी बघतात. त्यांनी दोन्ही बाजू बघून जे मूळ ठेवलं ते ठेवलं. शेपटाकडच्या पोरीने शेपटाकडची सोय वरून लावली. गेल्या साली आम्ही चालवूनही घेतली. आता ती आपोआप गळाली, तर मी काय करू?”

“सोय नाही ती, नाना. रीत आहे,” हर्षदा म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदा हलला.

“मग आत का नाही?”

त्याचं उत्तर तिच्याकडे होतं, पण ते त्या लिंबाखाली सांगण्यासारखं नव्हतं. गाभा सांभाळणारी चार माणसं, मिशी न फुटलेला मुलगा, टिकून राहावी म्हणून जोडणीकडे वळवलेली मुलगी, हे कोणाला आणि कसं सांगायचं?

तेवढ्यात तिचा फोन वाजला. बागूल सर होते. ती दोन पावलं बाजूला गेली. मला ऐकू येत होतं.

“सर, खुंट्या काढल्या तर सांगायला नको होतं का? ... कोणाला सांगितलं होतं? ... जे गाभ्यात काम करतात त्यांना. हो सर. ... नाही सर, तुमच्यावर राग नाही. ... नाही. आता नका लिहू त्यांना.”

ती परत आली तेव्हा भटू उठून उभा राहिला होता. तो माझ्याकडे बघून म्हणाला, “दादा, उघड.”

“भटू.”

“ठराव माझा आहे. देव आला तरी, असं मीच म्हणालो होतो. उघड.”

मी हँडल फिरवलं. जड गेलं नाही. सकाळीच तेल घातलेलं होतं. पाणी पाटात उतरलं, थोडं अंतर गेलं आणि नानांच्या उसात वळलं. या वेळी काठावर फावडं घेऊन कोणी उभं नव्हतं. गरजच नव्हती. शेपूट पुढे कुठेतरी होतं, तिथवर जायचं असं कोणी धरलंच नव्हतं. हर्षदा त्या पहिल्या वळणावर उभी राहून बघत होती. तिच्या खांद्याला लॅपटॉपची पिशवी होती. मी हाक मारली तरी तिने वळून पाहिलं नाही.

ऊस फार पाणी प्यायला. माळ्यांची शेतं अर्धी भिजली. नंतर बंधाऱ्यात गाळ दिसायला लागला. शेपटाकडचा कांदा पातीवरच पिवळा पडला आणि जमिनीतल्या जमिनीत सुकला. भटू रोज शेतात जायचा आणि बांधावर बसून यायचा. बोलायचा नाही. एकदा फक्त म्हणाला, “यंत्राला भाऊबंद नाहीत म्हणालो होतो ना मी.”

मला वाटलं होतं एका सालाचा प्रश्न आहे. पुढच्या साली सभेत मी रेघेची गोष्ट काढली. तोंडाकडच्या एका तरुण पोराने विचारलं, “कोणती रेघ?” तो खोटं बोलत नव्हता. भिंतीवर शेवाळ चढलं होतं, त्याखाली रेघ दिसेनाशी झाली होती. नाना म्हणाले, “झुलालभाऊ, जे मूळ आहे ते चालू दे. जोडकामात भांडणं होतात.” हात वर झाले. शेपटाकडच्यांतले निम्मे सभेला आलेच नव्हते.

हर्षदाने जोडणी दुरुस्त केली होती. आठवड्याच्या आत केली होती. ती लावायला संस्थेत कोणी तयार झालं नाही. तोंडवाल्यांनी एकदा मोडलेलं वरून परत कोण जोडून घेणार? तिने रविवारचं काम सोडलं. बागूल सर नाशिकला जाऊन तिला भेटून आले असं कळलं. टिकावी म्हणून ज्या वाटेने त्यांनी तिला नेलं, तिथूनच ती गेली. त्यांचं मला वाईट वाटतं. माणूस चांगला होता.

भटू दोन सालांनी सुरतेला गेला, एका गिरणीत वॉचमन म्हणून. तिथेच वारला. बाकीचे कोणी सुरत, कोणी नाशिक. शेपटाकडच्या शेतांत बाभळी माजल्या. पाट तिथे बुजला. बुजला तो सपाट झाला आणि लोकांनी त्यातून मोटारसायकली घालायला सुरुवात केली. आता त्याला पाटरस्ता म्हणतात.

मागच्या आखाजीला हर्षदा आली. लेकी माहेरी यायचा सण. तिच्या घराला कुलूप, म्हणून माझ्याकडे उतरली. चाळिशीकडे झुकलीय आता. केस पांढरे व्हायला लागलेत. संध्याकाळी आम्ही ओट्यावर बसलो होतो. गल्लीत मुली झोक्यावर गाणी म्हणत होत्या.

“आबा, एक दाखवते,” ती म्हणाली आणि फोन माझ्या हातात दिला. “वाचा.”

मी चष्मा लावला. जलपाळी होतं ते. रंग बदलला होता, पण ओळखू आलं. खाली एक ओळ होती. मी एकेक अक्षर धरून वाचलं. तुटीच्या वर्षी पाळी शेपटाकडून सुरू करा. पुढे खूण करायला चौकोन.

“तुझी जोडणी?”

“जोडणी नाही. गाभ्यात आहे. सगळ्यांना.” ती फोनकडे बघत होती, माझ्याकडे नाही. “कोणीतरी नवीन मुलगी आहे, तिकडे ओडिशात. तिला मी ओळखत नाही. जुन्या पडलेल्या कामांत तिला माझं सापडलं. मी दुसऱ्यांदा पाठवलेलं. तिने झाडलं, पुसलं आणि भांडून भांडून आत घ्यायला लावलं. तिलाही आधी म्हणाले असतील, जोडणी कर. तिने ऐकलं नाही.”

“चांगलं झालं,” मी म्हणालो.

“हो.”

आम्ही दोघं पाटरस्त्याकडे बघत होतो. एक मोटारसायकल धूळ उडवत बाभळींकडे गेली.

“तिने मला विचारलंय,” हर्षदा म्हणाली. “माहितीत लिहायचंय तिला. ही रीत कुठली, कोणत्या गावात पाळतात. गावाचं नाव भरून द्या म्हणते. आठ दिवस झाले, मी भरलं नाही. म्हटलं तुम्हाला विचारून भरू.”

तिने ती जागा उघडून दाखवली. मी वाचलं. ही रीत सध्या कोणत्या गावात पाळली जाते? खाली मोकळी पट्टी.

“काय लिहू, आबा?”

‘सध्या’ हा शब्द मी पुन्हा वाचला.

“रिकामं ठेव,” मी म्हणालो.

“रिकामं ठेवलं तर पुढे जात नाही,” ती म्हणाली.